देवाचा मासा: हिरण्यकेशीच्या उगमावरचा इवलासा जीव आणि वरच्या अंगाची शेती

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते. उगमाशी मंदिर आहे. तिथे गुहेतून बाहेर पडणारा झरा कुंडात येतो आणि पुढे ओहोळ होऊन वाहू लागतो. या पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. गावातले लोक त्याला ‘देवाचा मासा’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन या अभ्यासकांनी त्याची नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद केली. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने झऱ्याभोवतीच्या २.११ हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

शेतीविषयक संकेतस्थळावर माशाची माहिती कशासाठी, असे काहींना वाटेल. हा मासा तळ्यात सोडून वाढवण्याचा नाही आणि बाजारात विकण्याचाही नाही. तरी तो टिकेल की नाही, हे झऱ्याच्या वरच्या आणि बाजूच्या जमिनीत काय चालते यावर बऱ्याच अंशी ठरणार आहे. २.११ हेक्टर म्हणजे साधारण सव्वापाच एकर. झऱ्याचे पाणी मात्र या सव्वापाच एकरांच्या बाहेर पडलेल्या पावसातूनही येते. सरकारी हद्द कागदावर आखता येते, पाण्याला ती कळत नाही. म्हणून शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे.

माशाची ओळख

हा मासा ‘लोच’ प्रकारातला, नेमाकिलिडी कुळातला आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत या कुळाच्या बऱ्याच जाती सापडतात. पाण्यातला दगड उलटला की झटकन शेजारच्या दगडाखाली शिरणारे छोटे मासे आपण लहानपणी पाहिलेले असतात. त्यांतले बरेचसे याच कुळातले. ओळखण्याच्या खुणा अशा:

- शरीर लांबट आणि गोलसर, डोके खालच्या बाजूने काहीसे चपटे.
- तोंड खालच्या अंगाला आणि त्याभोवती मिशांच्या तीन जोड्या. या मिशांनी मासा तळातले अन्न चाचपतो.
- अंगावर गडद उभे पट्टे. त्यामुळे खडीवर स्थिर बसलेला मासा सहज दिसत नाही.
- हवेच्या पिशवीचा पुढचा भाग हाडाच्या कवचात बंद. पाण्यात तरंगत राहणे या माशांना फारसे जमत नाही, ते तळालाच चिकटून असतात.

शेवटची खूण महत्त्वाची आहे. पाणी बिघडले तर रोहू-कटला वर येतात किंवा दूर पोहून जातात. लोच तळ सोडून फार लांब जात नाही. गाळ, कीडनाशक, खताचा अंश असे जे काही तळाशी साचेल, ते सगळे त्याच्या वाट्याला येते.

त्याला काय लागते?

*भरपूर प्राणवायू.* वाहत्या, थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला तो साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येतो. झऱ्यावरची झाडे तोडली आणि उन्हाळ्यात थेट ऊन पडू लागले की पाणी तापते. त्याच वेळी धारही बारीक झालेली असते. असा दुहेरी मार बसतो.

*स्वच्छ खडी आणि दगड.* खडीच्या फटी म्हणजे या माशाचे घर. दिवसा लपायला जागा तिथेच आणि खायचे किडेही तिथेच. या गणातल्या अनेक माशांची अंडी खडी-दगडांच्या सांदीत वाढतात. वरून माती वाहून आली की या फटी बुजतात. वरवर पाहता पाणी नितळ दिसते, पण तळाला मातीचा पातळ थर बसलेला असतो. अंड्यांपर्यंत प्राणवायू पोहोचायचा थांबतो.

*पाण्यातले किडे.* लोच प्रामुख्याने पाण्यातल्या कीटकांच्या अळ्या आणि इतर बारीक जीव खातो. हे किडे आपल्या पिकाचे शत्रू नाहीत. पण पिकावरच्या किडीसाठी केलेली औषधे त्यांनाही मारतात.

एकाच झऱ्याचा धोका

मोठ्या नदीत पसरलेल्या जातीला एका ठिकाणी फटका बसला तर दुसरीकडून ती पुन्हा येते. इथे ती सोय नाही. या माशाची नोंद आंबोलीच्या या उगमावरून झाली आणि त्याची सगळी ओळख याच पाण्याशी बांधलेली आहे. एका दुपारी कोणी ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरले किंवा फवारणीचा पंप कुंडात धुतला, तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. गेलेली जात परत आणता येत नाही.

हिरण्यकेशीत असा हा एकटाच जीव नाही. याच नदीतून २०१४ मध्ये पेथिया लाँगिकॉडा या छोट्या खवलेदार माशाचीही नवी जात म्हणून नोंद झाली होती. एवढ्याशा खोऱ्यातून सहा वर्षांत दोन नव्या जाती पुढे आल्या, यावरून या पाण्याचे मोल कळते.

शेतीशी संबंध कुठे येतो?

आंबोलीला वर्षाला साधारण ७ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा दगडाचे सडे आणि त्याखालचा काळा पाषाण यांच्या भेगांतून हे पाणी मुरते आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येते. पावसाळा संपल्यावरही झरा वाहतो तो या साठ्यामुळे. सडा खणला, त्यावरची झुडपे जाळली, उतार सपाट केला की मुरणारे पाणी कमी होते आणि धावणारे पाणी वाढते. पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि मार्चनंतर कोरडी धार, असे चित्र तयार होते.

पुढे हीच नदी घाट चढून नव्हे, तर पठाराच्या उताराने पूर्वेकडे जाते. आजऱ्याजवळचे रामतीर्थ, मग गडहिंग्लज, कर्नाटकात संकेश्वर, आणि शेवटी घटप्रभेशी संगम. आजरा परिसरातले भौगोलिक मानांकन मिळालेले घनसाळ भात, नाचणी, काजू आणि खालच्या अंगाचा ऊस याच खोऱ्यातला. माशाला लागते तेच पाणी आपल्यालाही लागते.

कीडनाशक: पंप धुण्याचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक शेतकरी मेळाव्यात मांडावा असा आहे.

लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के ई.सी. हे सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीडनाशक समजा १५ लिटरच्या पंपाला १० मिलि घेतले. १० मिलि औषधात क्रियाशील घटक साधारण ०.५ ग्रॅम असतो. फवारणी संपल्यावर पंपाच्या तळाशी २०० मिलि द्रावण उरले असे धरू. त्यात क्रियाशील घटक सुमारे ६.७ मिलिग्रॅम.

आता ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल असा डोह डोळ्यासमोर आणा. त्यात १३,५०० लिटर पाणी मावते. उरलेले २०० मिलि त्यात ओतले तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम औषध येते. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत या औषधाने चार दिवसांत निम्मे मासे मरण्याचे प्रमाण बऱ्याच जातींसाठी एक मायक्रोग्रॅमच्याही खाली आहे. म्हणजे पंपाचे एक धुणे अख्ख्या डोहाला पुरते. औषधाचा काही अंश मातीला चिकटतो हे खरे. पण लोच राहतो तो त्याच मातीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग (लाल, पिवळा, निळा, हिरवा) माणूस आणि सस्तन प्राण्यांना होणाऱ्या विषबाधेवर ठरतो. मासे किंवा पाण्यातले किडे यांचा त्यात विचार नसतो. क्लोरँट्रानिलिप्रोलचा त्रिकोण हिरवा आहे आणि माशांना थेट धोकाही त्यातून कमी आहे. पण पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना ते अतिशय विषारी आहे. मासा मरत नाही, त्याचे ताट रिकामे होते. म्हणून त्रिकोण पाहून थांबू नका. डब्यासोबतच्या पत्रकात जलचरांबद्दल काय लिहिले आहे ते वाचा.

ताम्रयुक्त बुरशीनाशकांचेही तसेच. सुपारीच्या कोळे रोगासाठी आपण एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतो. म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पाणी जितके ‘मऊ’, म्हणजे क्षार कमी असलेले, तितके तांबे माशांना अधिक घातक ठरते. अतिपावसाच्या भागातले झऱ्यांचे पाणी सहसा मऊच असते. बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागायतीतही चालते म्हणून ते ओढ्याला चालेल, असे नाही.

खत आणि गाळ

भात खाचरात युरिया फेकून दिला आणि त्याच रात्री जोराचा पाऊस आला, तर बराचसा नत्र बांध ओलांडून ओढ्यात जातो. युरियापासून अमोनिया तयार होतो. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका त्यातला विषारी अमोनिया वाढतो. पैसा आपला जातो, त्रास पाण्याला होतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर रुजलेली चारसूत्री भात लागवड या ठिकाणी दोघांच्याही फायद्याची आहे. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोचलेली युरिया-डीएपी ब्रिकेट, ही ती चार सूत्रे. ब्रिकेट चिखलात खोल राहत असल्यामुळे नत्र पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. खत वाचते, ओढाही वाचतो.

गाळाचे मुख्य स्रोत तीन: उतारावर झाडोरा जाळून मोकळी केलेली जमीन, उघड्या उतारावर यंत्राने केलेले काजू लागवडीचे सपाटीकरण आणि मेच्या अखेरीस खणून तसाच सोडलेला रस्ता किंवा चर. पहिल्या चार-सहा मोठ्या पावसांत सर्वाधिक माती जाते. त्यामुळे मातीचे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका. काढलेच तर पावसाआधी उघडी माती पाल्यापाचोळ्याने झाका.

शेतकऱ्यांनी काय करावे?

*पैसे न लागणाऱ्या गोष्टी*

- झरा, कुंड, ओढा किंवा विहिरीच्या काठावर औषधाचे द्रावण बनवू नका आणि पंप धुऊ नका. धुतलेले पाणी त्याच पिकावर, उरलेल्या ओळीवर फवारून टाका.
- रिकामे डबे तीनदा खळखळून त्याचे पाणी पंपातच ओता. डबे ओढ्यात टाकू नका, पाणी भरायलाही वापरू नका.
- पाऊस यायची चिन्हे असतील किंवा वारा पाण्याच्या दिशेने असेल तर फवारणी पुढे ढकला.
- दाणेदार कीडनाशक किंवा खत दिल्यावर खाचराचे तोंड लगेच फोडू नका. पाणी काही दिवस आतच जिरू द्या.
- झऱ्यात गप्पी, तिलापिया, मागूर असा बाहेरचा कोणताही मासा सोडू नका. गप्पी मासे डासांच्या अळ्यांबरोबर इतर माशांची पिल्लेही खातात. त्यांची जागा बंद हौदात आणि टाकीत.
- गेळफळ, ब्लीचिंग पावडर, कीडनाशक किंवा सुरुंग वापरून मासे धरू नका, कोणी धरत असेल तर गावाने थांबवावे. गेळफळ झाडाचे असले तरी ते विष पिल्लांना आणि किड्यांनाही तेवढेच लागते.

*थोडी जागा किंवा मेहनत लागणाऱ्या गोष्टी*

- ओढ्याच्या दोन्ही काठांना किमान १० मीटरचा पट्टा औषधाविना ठेवा. जागा कमी असेल तर जमेल तेवढा ठेवा, पण तो गवताने भरलेला असू द्या.
- या पट्ट्यात वाळा, बांबू, करंज, उंबर लावा. वाळ्याची मुळे माती धरतात, उंबर-करंजाची सावली पाणी थंड ठेवते.
- काजूच्या उतारावर समपातळीत चर काढा. तण मुळासकट उपटण्याऐवजी कापून जागेवरच आच्छादन करा.
- पाण्यासाठी थेट झऱ्याच्या तोंडाशी मोटर बसवू नका. खाली कुठेतरी साठवण टाकी करून तिथून पाणी घ्या, म्हणजे वरची धार अखंड राहते.
- ओढ्यातील दगड-गोटे बांधकामासाठी उचलू नका. आपल्याला तो दगड, माशाला ते घर.

यातल्या दुसऱ्या यादीचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणे बरोबर नाही. १० मीटरचा पट्टा गुंठ्यांच्या शेतीत मोठी जागा खातो. म्हणून बांधावरची लागवड, मृदसंधारण आणि रोपवाटिकेची कामे रोजगार हमीच्या आराखड्यात बसवावीत. त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो आणि तो वेळेत मांडावा लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळे जाहीर होतात. त्याच कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ही नोंदवही बऱ्याचदा कपाटात पडून राहते. ती जिवंत ठेवण्यासाठी कृषी सहायकाला या चार नोंदी सहज करता येतील:

१. झऱ्याची धार दर महिन्याला मोजणे. ठरलेल्या मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात एवढे पुरे.
२. पाण्याचे तापमान, विशेषतः एप्रिल-मे मध्ये.
३. पहिल्या पावसानंतर पाणी किती दिवस गढूळ राहते.
४. पाणलोटातल्या पिकांवर कोणती औषधे, कधी आणि किती वापरली गेली.

मासे पकडून मोजायची गरज नाही आणि तसे करूही नये. काठावर शांत बसून नितळ पाण्यात पाहिले तरी पुरते. या चार नोंदी तीन वर्षे सलग राहिल्या तर कुठला ओहोळ बिघडतो आहे हे गावालाच दिसेल, बाहेरून कोणी सांगायची वाट पाहावी लागणार नाही.

प्रशिक्षणात एक गोष्ट आवर्जून सांगा. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीच्या डोहात देवाचे म्हणून माशांना कोणी हात लावत नाही आणि तिथे आजही मोठे महसीर मासे दिसतात. देवराया, देवाचे डोह, देवाचा मासा ही आपल्याकडची जुनी राखण आहे. ती काठीने होणारी हानी थांबवते. पण वरच्या शेतातून विरघळून येणारे औषध देवाच्या धाकाने अडत नाही, ते शेतातच अडवावे लागते. जुन्या राखणीला नव्या सवयींची जोड द्यायची ती इथे.

थोडक्यात

- देवाचा मासा एका झऱ्याशी बांधलेला आहे. एकच चूक त्याला पुरते.
- थंड वाहते पाणी, गाळ नसलेली खडी आणि पाण्यातले किडे या तीन गोष्टी राहिल्या तर मासा राहतो.
- वारसा स्थळाची हद्द २.११ हेक्टर आहे. पाणी येते ते त्यापेक्षा मोठ्या क्षेत्रातून, म्हणून खरे काम हद्दीबाहेरच्या शेतात आहे.
- त्रिकोणाचा रंग माणसासाठी असतो, माशासाठी पत्रक वाचावे.
- पंप पिकावर धुवा, पाण्यात नाही.

आपल्या गावात असा नावाजलेला मासा नसेल, पण बारमाही झरा असेलच. त्याच्या दगडाखाली कोणते जीव आहेत हे एकदा मुलांना सोबत घेऊन पाहा आणि पाहून झाल्यावर दगड होता तसा परत ठेवा.